समजंल असं सांगा

उंबरगव्हाणच्या पाणी सोसायटीची सभा दिवाळी सरली की मारुतीच्या पारावर भरायची. ती कशी चालते हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. सेक्रेटरी उभा राहून वाचायचा, वाचून झालं की मान वर करायचा, आणि सगळे एका सुरात म्हणायचे, "मंजूर!" मग चहा आणि चिवडा. वाचलेलं कुणाला कळलं का, हा विषय तिथे कुणी काढत नसे. वाचणाऱ्याला मधेच अडवून अर्थ विचारणं म्हणजे लग्नात भटजीला मंत्राचा अर्थ विचारण्यासारखं. तेवढा वाह्यातपणा गावात कुणातच नव्हता.

सेक्रेटरी होता जयराम. बी. ए. झालेला. नाशिकला कुठल्याशा कचेरीत काही वर्षं कारकुनी करून तो परत आला आणि येताना कचेरीची भाषा बरोबर घेऊन आला. घरात बायकोला तो सरळ "पाणी दे" म्हणायचा, पण पारावर चढला की पाण्याचं जल व्हायचं. लोकांना त्याचा अभिमान होता. आपल्या गावचा माणूस आपल्याला कळत नाही असं बोलतो, याचा!

त्या वर्षीच्या सभेत त्याने सगळ्यात शेवटी वाचलं:

"पाटकरी पुंजा सहादू यांनी जलवितरणात सहेतुक पक्षपात करून व्यक्तिगत लाभ संपादन केल्याचे निष्पन्न होत असल्याने, सदर इसमास कार्यमुक्त करून त्यांच्या स्थानी यथोचित नियुक्ती करण्यास ही सभा अनुमती देत आहे. तसेच यापुढे कोणत्याही लाभधारकास विहित मात्रेहून न्यून अथवा अधिक जलपुरवठा झाल्यास तोही सहेतुक पक्षपात समजण्यात येईल."

पाटाचं पाणी शेताशेतांना सोडणारा पुंजा पाराच्या कडेला उकिडवा बसला होता. आपलं नाव, बापाच्या नावासकट, चारचौघांत वाचलं गेलं एवढं त्याला कळलं. पुढे लाभ आणि नियुक्ती असे शब्दही आले. इतकी वर्षं बंधाऱ्यावर घातली, त्याचं कुणीतरी नाव घेतलं, असं त्याला वाटलं. तो उठून उभा राहिला, हात जोडले आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडला, "मंजूर!"

मागून गाव ओरडलं.

साळूबाई, त्याची बायको, समोरच्या आडावर पाणी शेंदत होती. नवऱ्याचा आवाज ऐकून तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्या हसण्याबद्दल तिने पुढे कितीदा स्वतःला शिव्या घातल्या असतील.

सकाळी पुंजा नेहमीसारखा बंधाऱ्यावर गेला. कादवा नदीला तिथे जुना दगडी बांध आहे, त्याच्यातून पाट निघतो आणि पाटाच्या चाऱ्या होऊन शेताशेतांत जातात. प्रत्येक चारीच्या तोंडाला लाकडी फळी. या पाण्याचा एकच कायदा होता आणि तो कुणी लिहिलेला नव्हता: पाण्याला हात फक्त पाटकऱ्याचा. शेत पाटलाचं असो की महादेव कोळ्याचं, मालकाने आपल्या चारीची फळी आपल्या हाताने उचलायची नाही आणि टाकायचीही नाही. बाकी कशावरूनही भांडा, पण या एका गोष्टीवरून गावात भांडण नको, म्हणून आज्या-पणज्यांनी घालून दिलेली रीत.

फळीपाशी बुधा उभा होता. जयरामच्या मळ्यावरचा गडी. त्याच्या हातात पुंजाचं फावडं होतं.

"काय रे बुधा, फावडं कशाला घेतलं?"

"आता मीच पाटकरी हाय."

"आन् मी?"

बुधाने पायाने माती उकरली. "तुला काढलं ना काल. तूच तर मंजूर म्हनला."

"काढलं? का म्हनून?"

"तू पानी इकलं म्हनून. जयरामआप्पा म्हनले, पुंज्यानं पानी इकून पैसं खाल्लं, उद्यापासून तू फळीवर उभा राहा."

पुंजा पाटाच्या काठावर बसला. पाय पाण्यात होते ते तसेच राहिले.

पाणी कोण चोरत होतं, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. दसऱ्याच्या आधी, भर दुपारी, जयराम स्वतः कोपरापर्यंत चिखलात हात घालून आपल्या द्राक्षाच्या बागेची फळी उचलत होता. पाळी दुसऱ्याची होती. पुंजा तिकडून आला आणि वाटेने जाणाऱ्या चार माणसांदेखत म्हणाला, "आप्पा, हात काढा पान्यातून." एवढंच. जयरामने हात काढले, रुमालाला पुसले आणि काही न बोलता निघून गेला. बोलला तो पारावर.

घरी आल्यावर पुंजाने हे सगळं साळूबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हातातली भाकरी तिने परातीत परत गोळा करून टाकली.

"म्हंजी तुमी सोताच वरडून सांगितलं गावाला, मी चोर हाय म्हनून?"

"मला काय कळतंय ते. लय अवघड वाचत हुता."

"आन् बुधाला कसं कळलं? बुधा तुमच्यापरीस शिकलाय व्हय?"

साळूबाईच्या डोक्यात ती गोष्ट खिळ्यासारखी बसली. बुधाला कळेल असं बोलता येतं त्या माणसाला. म्हणजे पारावर जे बोलला ते कळू नये म्हणूनच बोलला.

संध्याकाळी ती जयरामच्या ओट्यावर गेली. जयराम खुर्चीत बसला होता.

"आप्पा, माझ्या मालकानं काय केलं ते मला सांगा."

"हे बघा साळूबाई, हा वैयक्तिक आकसाचा प्रश्न नाही. संस्थात्मक शिस्तीचा आहे."

"मला समजंल असं सांगा."

"प्रक्रियेनुसार सर्वसंमत ठराव झालेला आहे. त्याचा फेरविचार आगामी वार्षिक सभेतच संभवतो."

"बुधाला सांगितलं तसं सांगा ना. मी बी अडानीच हाय."

जयराम हसला. चेष्टेने नव्हे, दयेने हसला, आणि तेच वाईट झालं. "तुम्हाला नाही कळायचं ते," म्हणाला आणि आत गेला. साळूबाई ओटा उतरू लागली. आतून त्याचा आवाज आला, "अगं, भाजीत मीठ कमी पडलंय." किती साधं, किती स्वच्छ बोलत होता मेला!

पुंजाचे दिवस वाईट गेले. पाटकऱ्याला खळ्यावर प्रत्येक घरून धान्य मिळायचं, ते गेलं ते गेलंच. पण त्याहून वाईट म्हणजे माणसं त्याच्याशी जपून बोलू लागली. आडावर एक बाई साळूबाईला म्हणाली, "घागर भरली की घरी ने गं, बाजारात नको नेऊ." बाया हसल्या. पुंजा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला. त्याचे पाय जन्मभर पाण्यात भिजलेले, पांढरेफटक, मऊ. कोरड्या मुरमावर ते महिन्याभरात तडकले. टाचांना अशा भेगा पडल्या की चालताना जमिनीवर रक्ताचे ठिपके पडायचे. साळूबाई रोज संध्याकाळी मेण आणि तेल गरम करून त्या भेगांत भरायची. पुंजा दात आवळून बसायचा आणि ती मनातल्या मनात जयरामला एकेका भेगेचा हिशेब लावायची.

मग मार्गशीर्ष आला आणि द्राक्षाच्या बागांत घडांची विरळणी निघाली.

ज्यांनी बाग पाहिली नाही त्यांना सांगतो. घडात मणी दाटीने धरतात. ते बाजरीएवढे, फार तर हरभऱ्याएवढे असतानाच बारक्या कातरीने मधले मणी काढून टाकावे लागतात, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. हे काम बायांचं. मान वर करून, हात वर धरून दिवसभर. संध्याकाळी खांदे उतरतात आणि मान खाली होत नाही. दिवस थोडे असतात आणि सगळ्यांच्या बागा एकदमच येतात, म्हणून त्या दिवसांत बायांच्या टोळीला आमदारासारखा मान. उंबरगव्हाणात टोळी एकच होती आणि तिची मुकादमीण होती साळूबाई.

जयरामचा निरोप आला. साळूबाई टोळी घेऊन त्याच्या बागेच्या फाटकाशी वेळेवर हजर झाली. बायांना आदल्या दिवशीच तिने सांगून ठेवलं होतं. सिंधुबाई नावाची एक तिखट बाई त्यात होती, तिला तर हा बेत फारच आवडला होता. "आज पुंजाभाऊचं नाव वाचलं, उद्या आपल्या घरातल्याचं वाचंल," ती म्हणाली, "आन् आपले येडे मंजूर म्हनतील."

जयराम हातात शेतकीचं पुस्तक घेऊन बांधावर आला. बायांसमोर पुस्तक धरायची काही गरज नव्हती, पण सवय.

"प्रत्येक घडातील अतिरिक्त मण्यांचे निष्कासन करून घडास सुयोग्य आकार प्राप्त होईल अशा प्रकारे विरळणी करावी."

बाया खाली बसल्या.

"काय झालं?"

"समजलं नाय, आप्पा," साळूबाई म्हणाली.

"अगं, मणी काढा, मणी! दरवर्षी काढता ना?"

"हे समजलं. आता पुंजाचा ठराव बी असाच समजंल असा सांगा. मग कातरी उचलतो."

जयरामचा चेहरा पडला. "त्याचा इथे काय संबंध?"

"संबंध बी समजला नाय."

"साळूबाई, ही अडवणूक आहे. याचे परिणाम अनिष्ट होतील."

"अनिष्ट म्हंजी काय गं?" सिंधुबाईने शेजारणीला विचारलं. "मला काय ठावं," शेजारीण म्हणाली. साळूबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि टोळी उठून समोरच्या कारभारी नानांच्या बागेत शिरली. तिथे तर हात हवेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी पुन्हा फाटकाशी थांबली. "आप्पा, आज समजंल असं सांगता का?" जयराम बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी तो आला, शिव्या द्यायला. शिव्या मात्र त्याने चांगल्या सोप्या मराठीत दिल्या. "हे सगळं समजलं," सिंधुबाई म्हणाली, "फकस्त ठराव तेवढा राहिला." रोज कामाला जाताना हा एकच प्रश्न आणि पुढे चालू. गावात लोक न्याहारी आटोपून ऐकायला येऊ लागले.

जयरामने मग डोंगरातल्या पेठ तालुक्यातून ट्रॅक्टर भरून बाया आणल्या. त्यांची मुकादमीण भागीबाई. संध्याकाळी त्या पाटावर हातपाय धुवायला आल्या तेव्हा साळूबाई तिथेच बसली होती. दोघींनी मागे एका बागेत बरोबर काम केलं होतं. साळूबाईने सगळं सांगितलं, अगदी पायांच्या भेगांपर्यंत. भागीबाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमच्या बायांचा रोज?"

"नानाच्या बागेत लावते. त्याच्यानंतर वरच्या अंगाला अजून दोन बागा हायेत. एक दिवस फुकट जायचा नाय तुमचा."

सकाळी जयराम बांधावर आला तर पेठच्या बाया रांगेत बसलेल्या. भागीबाई उठली आणि म्हणाली, "मालक, आमी डोंगरातल्या. आमाला तुमची बोली नाही समजत." मागून एक पोरगी फिसकन हसली. ट्रॅक्टरवाला कपाळाला हात लावून बसला.

पुंजाला हे पटत नव्हतं. त्या दिवशी खडीवरून आला आणि भेगांत मेण घालून घेताना म्हणाला, "साळे, पुरं आता. त्या बागेला मी पानी पाजलंय. झाडांनी काय केलं?"

"झाडांनी काय नाय केलं. मग तुमच्या पायांनी काय केलंय?"

"त्याचं वाटोळं झालं तर माझं फावडं परत येनार हाय का?"

"फावडं नको मला. त्यानं सांगावं. ज्या जागेवर वाचलं त्या जागेवर, बुधाला कळंल असं."

मेण गरम होतं. पुंजाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मेणाने की कशाने, तिने विचारलं नाही.

जयराम कारभारी नानांकडे गेला. नाना सोसायटीचे चेअरमन, म्हातारे, सरळ माणूस. "नाना, तुम्ही सांगा तिला." नाना तंबाखू मळत म्हणाले, "मी काय सांगू? मीबी मंजूर म्हनलो हुतो. आन् खरं सांगू का जयराम, मलाबी कळलं नव्हतं. तू काय वाचलं हुतं ते एकदा मलाबी सांग."

पंधरा दिवस गेले, घड दाटत चालले, आणि शेवटी एका संध्याकाळी जयराम पारावर आला. नानांनी दवंडी दिली होती, त्यामुळे गाव जमलं होतं. साळूबाई टोळी घेऊन आली आणि बायका कधी बसत नव्हत्या तिथे, पाराच्या पहिल्या पायरीवर बसली. पुंजा मागे उभा होता. जयराम उभा राहिला. हातात कागद नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

"मागील सभेत पारित झालेल्या ठरावाच्या अनुषंगाने काही गैरसमज..."

"समजलं नाय!" सिंधुबाई.

"म्हणजे त्या ठरावातील आशय वस्तुस्थितीशी..."

"समजलं नाय," आता पुरुषांतूनही कुणीतरी म्हणालं. मग तिसरा. मग सगळाच पार. जे तोंड इतकी वर्षं फक्त मंजूर म्हणत आलं होतं, त्याला दुसरा शब्द सापडला होता आणि तो त्याला गोड लागत होता. जयरामने नानांकडे पाहिलं. नाना पण म्हणाले, "समजंल असं सांग, बाबा."

जयरामच्या मानेच्या शिरा ताणल्या. आवाज आला तेव्हा तो सेक्रेटरीचा नव्हता, उंबरगव्हाणच्या कुणाही माणसाचा असावा तसा होता.

"पुंजानं पाणी विकलं नाही. फळी मी उचलली होती. त्यानं मला धरलं म्हणून मी त्याला काढला."

"परत सांगा," साळूबाई म्हणाली.

"सांगितलं ना?"

"मागच्यांना ऐकू नाय आलं."

मागे पुंजा होता. जयरामने त्याच्याकडे बघत पुन्हा सांगितलं. या वेळी शेवटचे शब्द हळू आले, पण ऐकू आले. पुंजाने मान खाली घातली. त्याला आनंद झाला की लाज वाटली, ते त्यालाच कळलं नसावं.

नाना म्हणाले, "पुंजाचं नाव ठरावातून काढा. फावडं त्याचं त्याला द्या. बाकीचा ठराव राहू द्या तसाच, कमी नाय, जास्त नाय, ते बरंच हाय. मंजूर?"

"त्याचा अर्थ सांगा आधी," सिंधुबाई म्हणाली. नानांनी सांगितला: प्रत्येक शेताला ठरलं तेवढंच पाणी, कमी दिलं तरी गुन्हा, जास्त दिलं तरी गुन्हा. मग गाव म्हणालं, मंजूर.

सकाळी टोळी जयरामच्या बागेत शिरली. जयराम सगळ्यांत आधी येऊन उभा होता. पुस्तक नव्हतं. साळूबाईने मांडवाखाली हात वर केला, एक घड तळव्यावर घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला. मणी एकमेकांत रुतून बसले होते. कातरीचं टोक जाईल एवढीही फट राहिली नव्हती. घातलं असतं तर शेजारचा मणी फुटला असता. तिने दुसरा घड पाहिला, मग पुढच्या वेलीवरचा. तिला हे तीन-चार दिवसांपूर्वीच फाटकाबाहेरून दिसलं होतं. तरीही तिने त्याला पारावर चढू दिलं होतं.

"करा ना सुरू," जयराम म्हणाला. "आता काय राहिलं?"

"उशीर झाला."

"म्हणजे?"

"उशीर झाला, आप्पा. याच्याहून सोपं मला बोलता येत नाय."

तिने घड सोडला. बायांनी कातरी कनवटीला खोचल्या आणि त्या नानांच्या बागेत वेली बांधायला गेल्या. त्या दिवशी साळूबाईने दुपारची भाकरी पोटभर खाल्ली, वर कांदा मागून घेतला.

माघात पाळी लागली. पुंजा फळीवर होता. पाय पुन्हा पाण्यात गेल्यापासून भेगा मिटत आल्या होत्या. जयरामच्या बागेची पाळी आली तेव्हा तो बांधावरून लगबगीने आला. घड गोड व्हायला लागले होते, पण मणी आतल्या आत एकमेकांना दाबत होते. आता पाणी बसलं की साली तडकणार, तडकल्या की रस गळणार, माशा बसणार आणि व्यापारी फाटकातूनच मागे फिरणार. जेवढे घड वाचतील तेवढे याच आठवड्यात कोरडे राहिले तर वाचणार होते.

"पुंजा, आज नको पाणी," तो म्हणाला. "अगदी नको. नाहीतर थोडंसंच सोड. मणी फुटतील रे."

पुंजाने फावडं जमिनीत रोवलं. जयरामचा हात आपोआप फळीकडे गेला आणि मध्येच थांबला. पलीकडच्या बांधावर बुधा खुरपत होता, त्याच्या पलीकडे नाना, रस्त्यावर टोळीच्या बाया. सगळे इकडेच बघत होते. फळीला मालकाचा हात लागायचा नव्हता.

"पुंजा, मी तुला सोप्या भाषेत सांगतोय."

"समजलं, आप्पा," पुंजा म्हणाला. तो शांत होता. झाडांची दया येणारा तोच पुंजा. पण पारावर तीन महिन्यांपूर्वी ऐकलेला एक शब्द त्याने खडी फोडताना रोज तोंडात घोळवला होता, आणि आता तो त्याला नीट म्हणता येत होता. "पन ठराव हाय ना. कमी दिलं तर सहेतुक पक्षपात व्हतो."

त्याने दोन्ही हातांनी फळी उचलली आणि पाळीचं पुरं पाणी बागेत सोडलं.